पिवळ्या कपाळाचा कॅनरी: आफ्रिकेच्या गवताळ रानातला गवई

तळ्याकाठी

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत आपली बरीच मराठी मंडळी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात येतात. आम्ही प्रिटोरियात राहतो, त्यामुळे जाता-येता काहींचा मुक्काम आमच्याकडे असतो आणि परतीच्या वाटेवर त्यांचे फोटो मी आवडीने बघते. सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडे, नशिबात असला तर बिबट्या. पक्ष्यांमध्ये जांभळ्या छातीचा रोलर, म्हणजे आपल्या नीलपंखाचा भाऊबंद, आणि धनेश. याच फोटोंच्या कडेला कित्येकदा गवताच्या तुऱ्यावर एक पिवळा ठिपका असतो. त्या ठिपक्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा.

इंग्रजीत याला यलो-फ्रंटेड कॅनरी म्हणतात, शास्त्रीय नाव क्रिथाग्रा मोझांबिका. जुन्या पुस्तकांत सेरिनस मोझांबिकस असं सापडेल. जनुकीय अभ्यासानंतर आफ्रिकेतल्या बऱ्याच कॅनरी सेरिनस या प्रजातिगटातून बाहेर काढल्या गेल्या, कारण दिसायला सारख्या असल्या तरी त्या तितक्या जवळच्या नात्यातल्या निघाल्या नाहीत. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागापर्यंत हा पक्षी आहे. घनदाट वर्षावन त्याला नको आणि खरं वाळवंटही नको. मधेमधे झाडं असलेलं गवताळ रान, शेताचे बांध, गावाची कड, बागा, हे त्याचं घर.

आकार चिमणीपेक्षा लहान, ११ ते १३ सेंटीमीटर. नराची छाती आणि पोट उजळ पिवळं, पाठ हिरवट आणि त्यावर गडद रेघा, डोकं राखाडी-हिरवट. ओळख पटवायची असेल तर चेहरा बघा. कपाळ पिवळं, तोच पिवळा पट्टा भुवईसारखा डोळ्यावरून मागे गेलेला, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, गाल पिवळा आणि त्याखाली चोचीपासून निघालेली काळी मिशी. उडाला की कंबर पिवळी दिसते आणि शेपटीच्या टोकाला पांढरं. मादी याच नमुन्याची पण फिकट असते. पिल्लांच्या आणि काही माद्यांच्या गळ्यावर करड्या ठिपक्यांची माळ असते.

हा दाणे खाणारा पक्षी. गवताचं बी हे त्याचं मुख्य अन्न. त्याच्या बरोबरीने वाळवी, मावा असे किडे, कोवळी पानं-फुलं, आणि हिवाळ्यात कोरफडी फुलल्या की त्यांचा मधही. इथे जे गिनी गवत मारुलाच्या झाडांच्या आणि काटेरी बाभळींच्या सावलीत कमरेएवढं वाढतं, तेच आपल्याकडे गोठ्यातल्या जनावरांसाठी बांधावर लावतात. मूळ आफ्रिकेचं हे गवत आपल्याकडे वैरण म्हणून आलं. इथे त्याच्या तुऱ्यांवर या कॅनरी लटकतात. काडी वाकते, पक्षी तिच्याबरोबर खाली येतो आणि जमिनीलगत बसून दाणे सोलतो. चोच छोटी पण जाड बुडाची. बी चोचीत फिरवून टरफल बाजूला टाकायचं आणि आतला गर गिळायचा, हे इतक्या पटापट चालतं की दुर्बिणीतून नुसती जबड्याची हालचाल दिसते.

दाणे खाणाऱ्या पक्ष्याला पाणी वरचेवर लागतं. किडे खाणाऱ्यांना भक्ष्यातूनच ओलावा मिळतो, कोरड्या बियांतून तो मिळत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत पाणवठ्याजवळ थांबलं तर हे थव्याने खाली येताना दिसतात, बऱ्याचदा मुनियाच्या कुळातल्या निळ्या वॅक्सबिलांसोबत. आपण तिथे सिंहाची वाट बघत असतो. सिंह येवो न येवो, कॅनरी बहुधा येतातच.

गाण्याबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. नर झाडाच्या अगदी शेंड्यावर, बहुधा निष्पर्ण फांदीवर बसतो आणि छोटे छोटे तुकडे गातो. एक तुकडा दोनतीनदा घोळवून दुसऱ्यावर जातो, मग परत पहिल्यावर येतो, पण शेवट थोडा बदललेला. आवाज स्वच्छ आणि चढा. त्यात घोगरेपणा नाही, पाळीव कॅनरीसारखी लांबलचक तानही नाही. पहाटे तीनचार नर वेगवेगळ्या झाडांवरून गायला लागले की कुठला तुकडा कुणाचा ते कळेनासं होतं. विणीच्या हंगामात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, हे जास्त. बारा ग्रॅमच्या आसपास वजनाच्या जिवाचा आवाज सगळ्या रानभर ऐकू येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तुम्हाला कुठे दिसला असेल तर लिहा. ओळख पटत नसेल तर वर्णन द्या, मिळून शोधू.

---

सह्यभटक

फार सुंदर लिहिलंय ताई. आम्ही मागच्या वर्षी क्रूगरमधल्या लोअर साबी छावणीत होतो. उपाहारगृहाच्या कठड्यावर, अगदी टेबलाजवळ पिवळेधमक पक्षी येत होते. आम्ही सगळे त्यांना कॅनरीच म्हणत होतो. डोळे लाल आणि तोंड काळं, म्हणजे मुखवटा घातल्यासारखं. हे तेच का?

---

तळ्याकाठी

सह्यभटक, लाल डोळा आणि काळा मुखवटा म्हटल्यावर ते वीव्हर, म्हणजे सुगरणीच्या कुळातले. पाठ जवळपास एकसारखी हिरवट-पिवळी असेल तर सदर्न मास्क्ड वीव्हर. पाठीवर काळ्या-पिवळ्याची ठळक नक्षी असेल तर व्हिलेज वीव्हर. तिसरा एक लेसर मास्क्ड वीव्हर आहे, त्याचा डोळा फिकट असतो आणि काळा रंग डोक्यावर अर्ध्यापर्यंत चढलेला असतो. तिघेही कॅनरीपेक्षा मोठे, लांब आणि टोकदार चोचीचे.

घरटं दिसलं तर प्रश्नच मिटतो. वीव्हरचं घरटं फांदीला लटकतं, विणलेलं आणि बंद. कॅनरीचं घरटं उघडी वाटी असते. फांदीच्या बेचक्यात सुकं गवत आणि तंतू कोळ्याच्या जाळ्याने बांधून घट्ट केलेले. विणकामाचा सगळा मान सुगरणीला मिळतो, पण कोळ्याचं जाळं वापरून केलेली ही वाटीही बघण्यासारखी असते. वारा आला की फांदीबरोबर हलते, उसवत नाही.

---

रानजाई

घरट्याचं आणखी सांगा ना. अंडी किती, कोण उबवतं?

---

तळ्याकाठी

साधारण तीन-चार अंडी. उबवते फक्त मादी, सुमारे दोन आठवडे. त्या काळात नर घरट्यावर अन्न आणून तिला भरवतो. तो जवळ आला की ती पिल्लासारखे पंख थरथरवते आणि मऊ आवाज काढते.

पिल्लांना भरवण्याची पद्धत मला सगळ्यात वेगळी वाटते. आपण बागेत पाहिलेले बहुतेक पक्षी पिल्लांसाठी चोचीत अळ्या धरून आणतात. फिंच कुळातल्या या शाखेत आईबाप बिया सोलून गिळतात, अन्नपिशवीत मऊ करतात आणि घरट्यावर येऊन ते पिल्लांच्या तोंडात ओततात. त्यामुळे चोचीत काहीच न घेता घरट्याकडे जाणारा पक्षी दिसला तर तो रिकाम्या हाताने चाललाय असं समजू नका.

आणि म्हणूनच यांची वीण गवताच्या बियांशी बांधलेली आहे. पाऊस पडला, गवत आलं, तुरे भरले, की पिल्लं. किड्यांवर पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्यांना पहिल्या पावसाबरोबर घाई करावी लागते. याला गवत पिकायची वाट बघता येते.

---

ज्वारीचं_कणीस

आमच्याकडे सोलापूर भागात हिवाळ्यात ज्वारीवर काळ्या डोक्याचे, पिवळ्या पोटाचे भारीट हजारोंनी उतरतात. तुमच्या कॅनरीचं आणि त्यांचं काही नातं?

---

चंडोल

ज्वारीचं_कणीस, भारीट वेगळ्या कुळातले. पण आफ्रिकेच्या याच रानात एक भारीट आहे, गोल्डन-ब्रेस्टेड बंटिंग, तो मात्र आपल्या काळ्या डोक्याच्या भारिटाच्याच एम्बेरिझा या प्रजातिगटातला. तोही पिवळा, तोही जमिनीवर दाणे टिपतो, त्यामुळे नवख्या माणसाची गल्लत होते. डोकं बघायचं. काळ्या डोक्यावर ठळक पांढरे पट्टे आणि पाठ तांबूस असेल तर बंटिंग.

कॅनरीचे खरे नातेवाईक म्हणजे फिंच कुळ. आपल्याकडे त्यातला रोझफिंच हिवाळ्यात सह्याद्रीत येतो, नर गुलाबी-लाल आणि मादी साधी तपकिरी. मुनिया मात्र या कुळातली नाही. तिला फिंच म्हणून विकतात तो पिंजऱ्यांच्या बाजाराचा शब्द आहे.

---

पिंजरेवाला

याच पक्ष्याला आम्ही पाळणारे ग्रीन सिंगिंग फिंच म्हणतो. माझ्याकडे मुंबईत एक जोडी आहे. गातो फार गोड, आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. नर-मादी ओळखायला गळ्यावरची ठिपक्यांची माळ बघतात. जोडीला राळा, काकडी आणि विणीच्या काळात मोड आलेलं धान्य देतो. धाग्याच्या विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण पक्ष्यावर प्रेम आहे म्हणून लिहिलं.

---

तळ्याकाठी

पिंजरेवाला, तुम्ही प्रेमाने सांभाळता हे दिसतंय, त्यामुळे मनातलं सरळ लिहिते. या पक्ष्याची कथा व्यापाराशिवाय पूर्ण होत नाही.

सेनेगल, माली, गिनी हे देश कित्येक दशकं लहान दाणेखाऊ पक्ष्यांचे मोठे निर्यातदार होते. त्यात हा कॅनरी पहिल्या ओळीतला. कारण सोपं आहे: मुबलक, सहज सापडणारा, रंगीत आणि गाणारा. वर लिहिलं की कोरड्या दिवसांत त्याला पाण्यावर यावंच लागतं. पकडणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, जाळी तिथेच लागतात. पकडलेल्यातले किती खोक्यात आणि विमानात मेले हे पिंजऱ्यासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने युरोपीय संघाने रानात पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. तोपर्यंत पश्चिम आफ्रिकेतले हे छोटे पक्षी मुख्यतः तिकडे जात.

प्रजाती म्हणून तो धोक्यात नाही. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत तो सगळ्यात कमी चिंतेच्या गटात आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण मुबलक आहे म्हणून पकडायला हरकत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्या नराने झाडाचा शेंडा पकडून आपली हद्द गाऊन राखायची, त्याने दोन फूट तारेच्या आत कुणासाठी गायचं?

---

पिंजरेवाला

ताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे. म्हणून नवीन पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहितो. पायात बंद कडी आहे का ते बघा. अखंड, सांधा नसलेली कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात जाते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती चढत नाही. म्हणजे पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याचा तो बऱ्यापैकी पुरावा. कडी नसेल, पक्षी माणूस जवळ येताच जाळीवर धडका मारत असेल, शेपटीची पिसं झिजलेली असतील, तर घेऊ नका. माझी जोडी एका ओळखीच्या पाळणाऱ्याकडे जन्मलेली आहे.

---

चंडोल

याला जोडून कायद्याचं. आपल्या देशातले रानपक्षी पकडणं आणि विकणं बंद आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि १९९०-९१ पासून सगळ्या देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. तरी बाजारात लाल मुनिया, हिरवी मुनिया, करण पोपट दिसतात. हिरव्या मुनियाची अवस्था तर खरंच वाईट आहे, अबूच्या आसपास आणि मध्य भारतात ती उरलीसुरली आहे आणि पकडली जाते. परदेशी पक्ष्यांचा नियम वेगळा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, संकटात असलेल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या (साइटिस) याद्यांमधले जिवंत प्राणी-पक्षी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. दुकानदार "परदेशी आहे, काही लागत नाही" म्हणाला तरी स्वतः यादी बघावी.

---

रानजाई

एक शंका. घरोघरी पाळतात तो पिवळाजर्द कॅनरी आणि हा एकच का? आणि कोळशाच्या खाणीत नेत असत तो कोणता?

---

चंडोल

नाही. पाळीव कॅनरी अटलांटिक महासागरातल्या कॅनरी, मदैरा आणि अझोर्स बेटांचा. तो सेरिनस कॅनेरिया. रानात तो हिरवट-करडा असतो, पिवळाजर्द रंग माणसांनी निवड करत करत आणला. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथे शेकडो वर्षं त्याची पैदास झाली. खाणीतलाही तोच. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम माणसाच्या आधी त्याच्यावर दिसतो म्हणून त्याला खाली नेत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, आणि ब्रिटनच्या खाणींतून ती पद्धत १९८६ मध्ये संपली.

पाळीव कॅनरीचं एक मोठं ऋण मात्र आपल्यावर आहे. फर्नांडो नॉटबोम यांनी १९८० च्या दशकात न्यूयॉर्कला कॅनरीच्या मेंदूवर काम केलं आणि प्रौढ पक्ष्याच्या मेंदूतही नव्या पेशी तयार होतात हे दाखवलं. तोपर्यंत प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशींची भर पडत नाही असंच बहुतेक जण मानत. हे सगळं गाणं शिकणाऱ्या पक्ष्यामुळे कळलं.

---

वाक्वाची_सून

मी लग्न होऊन मॉरिशसला आले. सासरच्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेले. वर्णन वाचलं आणि ओळखला. हा पक्षी आमच्याकडे आहे! समुद्राकडच्या सुरूच्या झाडांवर आणि हिरवळीवर दाणे टिपताना दिसतो. मी इतके दिवस इथलाच समजत होते.

---

तळ्याकाठी

वाक्वाची_सून, फार छान वाटलं तुमचा प्रतिसाद वाचून. तो तिथे माणसाने नेलेला. मॉरिशस, रियुनियन, तिकडे प्वेर्तो रिको, आणि हवाई बेटांपैकी ओआहू आणि मोठं हवाई, या सगळीकडे तो पिंजऱ्यांतून सुटून किंवा सोडला जाऊन रुजला. गवताचं बी आणि थोडी झाडं एवढ्यावर त्याचं भागतं, त्यामुळे मोकळ्या जागा असलेलं बेट त्याला मानवतं.

तुमच्याकडे लाल गालाचा, तुरेवाला बुलबुलही असेल. तो तर थेट आपल्याकडचा, भारतातून १८९२ मध्ये नेलेला. त्याने मात्र मॉरिशसच्या रानाचं नुकसान केलं. परकी झुडपं फळतात, तो फळं खातो आणि बिया उरल्यासुरल्या मूळ जंगलात नेऊन टाकतो. कॅनरी बिया फोडून खातो, पसरवत नाही, आणि मोकळ्या, माणसाने बदललेल्या जागीच राहतो, म्हणून त्याचा त्रास तेवढा जाणवत नाही.

---

वाक्वाची_सून

बुलबुल आहे तर! अंगणातल्या पपईवर सकाळ-संध्याकाळ असतो. सासूबाईंना सांगितलं की हा आपल्यासारखाच जहाजातून आलाय, तर त्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. त्याने जंगलाचं नुकसान केलं हे मात्र अजून सांगितलेलं नाही.

---

सह्यभटक

आम्ही पुन्हा जानेवारीत येतोय. या वेळी पक्ष्यांसाठी वेळ ठेवणार आहे. कुठे थांबायचं, कसं बघायचं ते सांगाल का? सोबत माझी दहा वर्षांची मुलगी आहे, तिला फार आवड आहे.

---

तळ्याकाठी

जानेवारी उत्तम. गवत उंच असतं त्यामुळे मोठी जनावरं कमी दिसतील हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे निराशा होणार नाही. पक्ष्यांसाठी मात्र हाच काळ. स्थलांतर करणारे आलेले असतात, वीण चालू असते, कॅनरी गात असतो.

क्रूगरमध्ये मुक्कामाच्या छावण्या आणि ठरवून दिलेल्या मोजक्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. म्हणून छावणीच्या कुंपणाच्या आत पायी फिरायची वेळ वाया घालवू नका. फाटक उघडायच्या वेळी सगळे गाड्या काढतात. एखादी सकाळ मुलीला घेऊन छावणीतच थांबा. स्कुकुझा, लेटाबा, उत्तरेला पुंडा मारिया, कुठेही कुंपणालगत चाला आणि झाडांचे शेंडे बघा. स्कुकुझाजवळ लेक पॅनिक म्हणून तळ्यावर लपून पक्षी बघायचा आडोसा आहे, तिथे बसायला बाकं आहेत, लहान मुलांनाही कंटाळा येत नाही. रस्त्यावर असाल तर डांबरी रस्त्याला ताशी ५० ची मर्यादा आहे, पण पक्ष्यांसाठी २० ने चाला आणि काचा खाली ठेवा. हा पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो.

मुलीसाठी एक खास. इथे दक्षिण आफ्रिकेचा पक्षी-नकाशा तयार करण्याचं काम २००७ पासून चालू आहे, सर्वसामान्य लोकांनी केलेल्या नोंदींवर. सगळा देश पाच मिनिटं अक्षांश आणि पाच मिनिटं रेखांशाच्या चौकटींत वाटलाय. बर्डलासर नावाचं अ‍ॅप फोनवर घ्या, पक्षी दिसला की नोंदवा, चौकट ते आपोआप टाकतं. नकाशाच्या कामात नाव नोंदवलं की पाहुण्यांच्या नोंदीही चालतात. कमी गाड्या जातात अशा कच्च्या रस्त्यांच्या चौकटींना नोंदींची जास्त गरज असते, तेव्हा एखादी दुपार तिकडे द्या.

---

सह्यभटक

अ‍ॅप आत्ताच घेतलं. मुलीने वहीत पिवळ्या पक्ष्यांचे चेहरे काढून ठेवलेत: मिशीवाला कॅनरी, मुखवट्याचा वीव्हर, पट्ट्यांचा बंटिंग. तिचा प्रश्न आहे, मादी कॅनरीला पण मिशी असते का?

---

तळ्याकाठी

असते, पण नरापेक्षा पुसट. फिकट पक्षी दिसला तर गळा बघ म्हणावं, ठिपके आहेत का. आणि उडताना कंबर. पिवळी कंबर नर, मादी, पिल्लू तिघांनाही असते.

इथे करड्या अंगाचा, काळसर गळ्याचा आणखी एक कॅनरी आहे, ब्लॅक-थ्रोटेड, त्याचीही कंबर पिवळी. प्रिटोरियात मुक्काम असेल तर आमच्या गल्लीतच दोन्ही दाखवते. वही घेऊन या.